जिव्हेचें बंधन

छत्रपति संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जातांना फुलंब्री हें तालुक्याचें गांव लागतें. जेथें भाकरी, वरण व भाजी एवढाच आहार असे, अशा गांवांतील घरांच्या फडताळांतही आतां शेव, वेफर व बिस्किटांचे पुडे दिसतात. रात्रीं घर निजल्यावर त्या फडताळाचें दार कोणीतरी हळूच उघडतें. पोट भरलेलें असतें, तरी हात थांबत नाहीं. सकाळीं रिकामा पुडा सांपडतो. वडील मंडळी रागावतात आणि खाणारें माणूस लाजेनें अधिकच लपून खाऊं लागतें.

हा केवळ हावरटपणा काय? अमेरिकेंतील येल विद्यापीठांत २००९ सालीं अशा आसक्तीचें मापन करणारी एक प्रश्नावली तयार झाली. ठरविल्याहून अधिक खाणें, सोडण्याचे यत्न फसणें, अपाय कळूनही न थांबणें, हीं व्यसनाचींच लक्षणें तींत विचारलीं आहेत. तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानग्रंथांत ‘अन्नाचें व्यसन’ हा रोग नाहीं. परंतु ताबा सुटून अतोनात खाण्याच्या विकारास त्यांत स्वतंत्र स्थान मिळालें आहे.

दोष सर्वस्वीं खाणाऱ्याचा नव्हे. केव्हिन हॉल यांनीं २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २० माणसांना दोन आठवडे कारखानी खाद्यें व दोन आठवडे साधें अन्न दिलें. दोन्हीं ताटांतील साखर, स्निग्धांश व मीठ यांचें प्रमाण सारखें राखलें होतें. तरी कारखानी खाद्यें असतां माणसें रोज सुमारें ५०० किलोकॅलरी अधिक खात होतीं.

मग उपाय कोणता? आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं मांडलेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं घरोघर पोंचविलेला दोनदांच जेवण्याचा मार्ग अनेकांनीं अवलंबिला. तथापि मधुमेहाचीं औषधें घेणारांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तो धरूं नये. आणि ज्यांना अनावर खाण्याचे झटके येतात, त्यांना दीर्घ उपवास बहुधा उलटच बाधतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणींत हेंच मर्म आहे. अशा माणसानें ठराविक वेळीं पोटभर साधें जेवावें, पुरेसें निजावें, आणि कोणत्या प्रसंगीं हात फडताळाकडे जातो—राग, एकटेपणा कीं कंटाळा—तें वहींत टिपावें. एवढ्यानें न भागल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत कमीपणा नाहीं.

एकत्र कुटुंबाचें कर्तव्य याहून मोठें आहे. ‘माझ्यासाठीं एक घास’ हा आग्रह आपण प्रेमानेंच करितों. पण ज्याला नको म्हणणें आधींच जड जातें, त्याला तो घातक ठरतो. पुडे विकत आणणें थांबवावें. जेवतांना कोणाच्या अंगकाठीची थट्टा करूं नये. रात्रीं दार उघडण्याचा आवाज आला, तर दिवा लावून रागें भरण्याऐवजीं शेजारीं बसून ‘झोप येत नाहीं का?’ एवढेंच विचारावें. लपविण्याची गरज सरली, म्हणजे बंधनाची पहिली गांठ सुटते.