महत्त्वाकांक्षा साऱ्यांची होती, ती एकेकट्याची झाली

परभणीत कृषी महाविद्यालय निघालं 1956 मध्ये, आणि 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्या काळात शेतकऱ्याच्या शिकणाऱ्या पोरापुढची वाट ठरलेली असे. बी.एस्सी. अ‍ॅग्री करायचं आणि कृषी खात्यात नाही तर बँकेत लागायचं. आपल्याला काय आवडतं, हे विचारायला घरात कुणाला सवड नव्हती.

नोकऱ्या पुरेनात, तेव्हा ती पिढी आपापल्या खोलीत कुढत बसली नाही. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी आघाडीवर होते. रोजगार, उद्योग, रेल्वेचं रुंदीकरण अशा त्यांच्या मागण्या साऱ्या विभागासाठी होत्या. पोरगं बेकार राहिलं, तर त्याचा जाब सरकारला विचारला जाई.

1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर हे बदलत गेलं. खासगी कंपन्यांची ओढ वाढली आणि एमबीए ही गावोगावच्या घरांतली नवी आशा झाली. कृषी पदवीधरांसाठीही दारं उघडली. पुण्याची वैकुंठ मेहता संस्था आणि हैदराबादची ‘मॅनेज’ इथे नव्वदच्या दशकात कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम सुरू झाले. 2002 मध्ये केंद्राने कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्रांची योजना आणली. पदवीधराने नोकरीची वाट न बघता स्वतःचा सल्ला-सेवेचा धंदा उभारावा, हा तिचा हेतू. पाठोपाठ कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपन्या काढता येऊ लागल्या.

संधी वाढल्या, पण त्यांच्यासोबत सगळा भार एकेका विद्यार्थ्याच्या खांद्यावर आला. सीईटी देऊन तो एमबीएला जातो. वर्ष सरतं न सरतं तोच इंटर्नशिप आणि मग मार्केटिंग, फायनान्स की एचआर याची निवड. ‘स्कोप कशात आहे?’ हे सगळे विचारतात. ‘तुला काय जमतं?’ हे फार थोडे विचारतात. गावाकडून एकच प्रश्न येतो, पॅकेज किती? म्हणून कित्येक जण एमबीए करता करताच स्पर्धा परीक्षेचे फॉर्मही भरतात. लोक याला धरसोड म्हणतात. मला ते पटत नाही. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेणाऱ्या बापाचंच हे शहाणपण आहे.

खरं नुकसान वेगळं आहे. परभणी जिल्ह्यात मानवत, सेलू, जिंतूरच्या बाजारात कापूस, सोयाबीन, तूर येते. पण त्या मालावर उभे राहतील असे मोठे उद्योग जवळ पुरेसे नाहीत, म्हणून पोराला पुणं गाठावं लागतं. ही उणीव जिल्ह्याची आहे. प्लेसमेंट हुकलेलं पोर मात्र ती स्वतःची नालायकी समजतं. 1974 च्या विद्यार्थ्याला जे स्वच्छ दिसत होतं, ते आज दिसेनासं झालं आहे.

स्वतःला ओळखणं म्हणजे नुसती आवड-निवड शोधणं नव्हे. आपल्या अडचणीतला आपला वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे वेगळं करता येणं हाही त्याचाच भाग आहे. महाविद्यालयांनी हे पहिल्याच सत्रात शिकवावं. आणि पालकांनो, पॅकेज विचारण्याआधी एकदा विचारा, तुझं मन कशात रमतं? नेमकं उत्तर मिळायला वर्ष लागलं, तर ते वर्ष त्याला द्या.