रडीचा डाव की रेफरीचा घोळ?

प्लेऑफमध्ये आपली टीम हरली की मॅच मैदानावर संपते आणि हॉस्टेलच्या खोलीत सुरू होते. ‘रेफरीने ढापलं’ हे आपलं पहिलं वाक्य असतं. ते दरवेळी खोटं नसतं. पण दरवेळी तेवढंच खरंही नसतं.

लहानपणी पकडापकडी खेळताना कुणाची तरी चप्पल निसटायची आणि तो ओरडायचा, ‘टाइम प्लीज!’ पकडणारा म्हणायचा, ‘मी ऐकलंच नाही, तू आउट.’ मग अर्धा तास भांडण, एकाचं रडणं आणि शेवटी ‘जा, मी खेळतच नाही.’ भारतीय फुटबॉलमधलं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं भांडण थोडंफार असंच आहे. फरक एवढाच की इथे ‘मी खेळत नाही’ म्हणण्याची किंमत होती चार कोटी रुपये.

तारीख ३ मार्च २०२३, शुक्रवार. इंडियन सुपर लीगचा नॉकआउट सामना. बेंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर बेंगळुरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. पुण्यातल्या आमच्या हॉस्टेलवर एका लॅपटॉपभोवती आम्ही सात-आठ जण बसलो होतो. माझा रूममेट कोट्टायमचा, म्हणजे जन्मानेच पिवळा. समोरच्या खोलीतला बेंगळुरूचा, त्याच्या अंगात निळी जर्सी. तिसरा डोंबिवलीचा, मुंबई सिटीचा फॅन. जो जिंकेल त्याची गाठ सेमीफायनलमध्ये त्याच्या टीमशी होती, म्हणून तो दोघांनाही शांतपणे शाप देत होता.

नव्वद मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइम सुरू झाला. ९६व्या मिनिटाला केरळच्या बॉक्सजवळ सुनील छेत्रीला पाडलं गेलं आणि बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा एड्रियन लुना बॉलच्या पुढे उभा होता, तो बाजूला झाला. गोलकीपर प्रभसुखन गिल भिंत लावत होता. आणि छेत्रीने शिट्टीची वाट न बघता बॉल अलगद उचलून रिकाम्या जाळ्यात टाकला. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला.

केरळचे खेळाडू रेफरीभोवती जमले. आणि मग कोच इवान वुकोमानोविच यांनी टीमला मैदानाबाहेर बोलावलं. टीम परत आलीच नाही. सामना बेंगळुरूला बहाल झाला. आमच्या खोलीत तोपर्यंत दोन गट पडले होते आणि लॅपटॉपचा चार्जर कुणीतरी रागाने उपटला होता.

नियम काय सांगतो?

त्या रात्री आम्ही सगळे अचानक नियमांचे प्राध्यापक झालो. वाद घालण्याआधी नियम मात्र कुणीच वाचला नव्हता. तो साधारण असा आहे: प्रत्येक फ्री किकला शिट्टी लागत नाही. फाउल झालेल्या टीमला पटकन किक घ्यायचा हक्क आहे, कारण थांबण्याचा फायदा चूक करणाऱ्या टीमला का द्यायचा? पण समजा रेफरीने भिंत ९.१५ मीटर मागे सरकवायला घेतली, कुणाला कार्ड दाखवायला किंवा जखमीसाठी खेळ थांबवला, तर किक त्याच्या ताब्यात जाते. मग शिट्टी वाजेपर्यंत थांबावंच लागतं.

म्हणजे प्रश्न एकच होता. ती किक छेत्रीच्या ताब्यात होती की रेफरीच्या? छेत्रीने नंतर सांगितलं, की मला भिंतही नको आणि शिट्टीही नको असं मी रेफरीला सांगितलं होतं. लुनाने माझा पहिला प्रयत्न अडवला होता, म्हणजे त्यालाही हे कळलं होतं, असंही त्याचं म्हणणं. केरळच्या बाजूचं म्हणणं, की एवढा वेळ गेल्यावर ती ‘पटकन घेतलेली’ किक राहतेच कशी? भिंत लागतेय हे रेफरीला दिसत होतं, मग शिट्टी नको का?

आता खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंमध्ये दम आहे. छेत्रीने नियम मोडला असं म्हणता येत नाही. आणि रेफरीने अजून स्पष्टपणे खूण केली असती तर हे रामायण घडलंच नसतं, हेही म्हणता येतं. पण हरलेल्या रात्री ‘दोन्ही बाजूंमध्ये दम आहे’ असं कोण म्हणतं? मी म्हटलं, तर रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

उरलेली मिनिटं कुणाची?

रूममेटच्या रागापुढे मला एक प्रश्न तेव्हा विचारता आला नाही, तो आता विचारतो. गोल ९६व्या मिनिटाला झाला. एक्स्ट्रा टाइम १२० मिनिटांपर्यंत असतो. म्हणजे चोवीसएक मिनिटं बाकी होती. एका गोलची पिछाडी आणि चोवीस मिनिटं. फुटबॉलमध्ये एवढ्यात काय काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती मिनिटं रेफरीने काढून घेतली नव्हती.

अजून थोडं मागे जाऊ. ११ फेब्रुवारीला याच मैदानावर केरळ लीग सामन्यात १-० हरलं होतं. त्यानंतरचे शेवटचे दोन लीग सामनेही हरलं. बेंगळुरू ३४ गुणांवर चौथं, केरळ ३१ गुणांवर पाचवं. नॉकआउट वरच्या टीमच्या घरी होतो. फेब्रुवारीतला तो एक सामना जिंकला असता, तर प्लेऑफ कोचीत, पिवळ्या समुद्रासमोर झाला असता. पण तीन आठवड्यांतल्या तीन पराभवांवर रात्री दोन वाजता कोण भांडणार? त्यात दोषी बरेच असतात. रेफरी एकटा असतो, सोपा असतो, आणि आपला नसतो.

पुढे व्हायचं ते झालं. केरळचा निषेध अर्ज फेटाळला गेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला चार कोटींचा दंड ठोठावला आणि कोचवर दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाखांचा दंड घातला. दोघांनी जाहीर माफी मागितली. अपिलातही शिक्षा टिकली. भारतात हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ईस्ट बंगालविरुद्धच्या डर्बीत मोहन बागानने हाफटाइमनंतर मैदानात उतरायला नकार दिला होता. त्यांनाही तेव्हा दोन कोटी आणि गुण गमवावे लागले होते. रागाचं कारण काहीही असो, मैदान सोडलं की वाद रेफरीच्या चुकीवर राहत नाही, तुमच्या जाण्यावर येतो. केरळचं नेमकं तेच झालं. क्रिस्टल जॉन यांच्या निर्णयावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा मग झालीच नाही.

डोंबिवलीकराची पाळी

सेमीफायनलमध्ये मुंबई सिटी समोर. मुंबईने तोपर्यंत २० सामन्यांत ४६ गुण मिळवून लीग शिल्ड घेतली होती. अंधेरीत छेत्रीच्याच गोलने बेंगळुरू १-० जिंकलं. १२ मार्चला कांतीरवावर मुंबई २-१ जिंकली, एकूण २-२, आणि मग शूटआउट ९-८. गुरप्रीतसिंग संधूने मेहताब सिंगची पेनल्टी अडवली आणि मुंबई बाहेर.

इथे रेफरीला धरता येईना. मग डोंबिवलीकर दोन दिवस मेहताबवर चिडला. त्याच रात्री मुंबईला सामन्यात पुढे नेणारा गोल मेहताबचाच होता, हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘माहितीये रे. पण कुणावर तरी चिडायला नको का?’ सगळ्या पंधरा दिवसांतलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं.

गोव्यात चाक फिरलं

१८ मार्च, फातोर्डा. फायनल, एटीके मोहन बागान विरुद्ध बेंगळुरू. बेंगळुरू २-१ पुढे. ८५व्या मिनिटाला पाब्लो पेरेझने कियान नासिरीला पाडलं आणि रेफरीने पेनल्टी दिली. रिप्लेमध्ये धक्का बॉक्सच्या बाहेर लागल्यासारखा दिसत होता. दिमित्री पेट्राटोसने गोल केला, २-२, आणि शूटआउटमध्ये बागान ४-३ जिंकलं. बेंगळुरूचे मालक पार्थ जिंदाल यांनी ट्विटरवर लीगमध्ये व्हीएआर आणण्याची मागणी केली.

पंधरा दिवसांपूर्वी ‘रेफरीचा निर्णय अंतिम असतो, रडू नका’ असं ऐकवणारा आमचा निळ्या जर्सीवाला आता लॅपटॉपवर फ्रेम थांबवून बॉक्सची रेघ मोजत होता.

यात तो एकटा नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्सटन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांत अमेरिकन फुटबॉलचा एक अत्यंत राडेबाज सामना झाला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवून फाउल मोजायला लावले. डार्टमथच्या टीमचे फाउल प्रिन्सटनवाल्यांनी सरासरी ९.८ मोजले, डार्टमथवाल्यांनी ४.३. फिल्म तीच. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला जे दिसलं तेच त्याने लिहिलं.

वाद घाला, पण कशावर ते ठरवा

म्हणून काय, फॅनने गप्प बसायचं? अजिबात नाही. गप्प बसणारा फॅन कसला? फक्त भांडण्याआधी एक गोष्ट वेगळी काढता येते. फातोर्ड्याची पेनल्टी हा जागेचा प्रश्न होता, आत की बाहेर. तो कॅमेरा सोडवू शकतो, म्हणून व्हीएआरची मागणी तिथे चोख आहे. कांतीरवाचा प्रश्न मात्र रेफरी काय बोलला, त्याने खूण केली की नाही, आणि ती कुणाला समजली, असा होता. त्यावर दहा कॅमेरे लावले तरी भांडण उरलंच असतं. तिथे मागणी हवी ती रेफरींच्या चांगल्या प्रशिक्षणाची, आणि निर्णय का दिला हे मॅचनंतर उघडपणे सांगण्याची. ‘सेटिंग आहे’ असं म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरलं, की खरी मागणीही शिव्यांमध्ये हरवते.

आणि तिसरा प्रश्न आपल्या टीमला विचारायचा: रेफरी चुकला, मान्य. त्याआधी आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत?

फायनलच्या रात्री निळ्या जर्सीवाल्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. आम्हाला वाटलं आता रूममेट जाऊन मीठ चोळणार. तो गेला, वाकून स्क्रीन बघितली, आणि म्हणाला, ‘बाहर है, भाई.’

समोरचा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘तुम्हारे मॅच में भी सीटी बजानी चाहिए थी.’

गोल बरोबर होता की नाही, यावर दोघांचं अजूनही पटत नाही. पण त्या रात्री तिघंही हरलेले खाली टपरीवर गेले. चहाचे पैसे मी दिले, कारण एकटा मीच कुठल्या टीमचा नव्हतो.