भंडारदऱ्याचें गवत आणि जुना ट्रॅक्टर

विळ्यानें गवत कापणाऱ्या मनुष्यानें हात आवरला कीं विळा थांबतो. यंत्राचें तसें नाहीं. ही गोष्ट साधी दिसते. परंतु तिचा अर्थ आम्हांस गतवर्षीं आश्विनांत भंडारदऱ्यास एका स्नेह्यांकडे गेलों असतां कळला.

प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्यानें खालचा मुलूख उसाचा झाला. वरच्या डोंगराळ भागांत मात्र भात, नागली आणि गवत यांचेंच राज्य. त्या गवतांत कुसळी बरीच असते. ती फुलोऱ्यावर असतां कापली तर गुरें आवडीनें खातात. बीं पिकलें कीं तिचीं टोकदार कुसळें जनावरांच्या तोंडांत रुततात. म्हणजे कापणीचे दिवस थोडे; आणि त्याच सुमारास भातहि कापणीस येऊं लागतो, तेव्हां माणसें मिळत नाहींत. या अडचणीपायीं आमच्या स्नेह्यांनीं वडिलांच्या वेळचा एक लहान ट्रॅक्टर चालता ठेविला आहे.

लहान ट्रॅक्टरांस प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः हॅरी फर्ग्युसन यांच्यामुळें. अवजार तीन ठिकाणीं जोडून तेलाच्या दाबानें उचलण्याची त्यांची रीत आज जगभर रूढ आहे. त्यांचा लहान ट्रॅक्टर इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ ते १९५६ या काळांत पांच लाखांवर तयार झाला. स्नेह्यांचें यंत्र निराळ्या कारखान्याचें. परंतु दोष कारखान्याचा नव्हे, म्हणून नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

त्यांच्या चिरंजीवांनीं मागें फिरत्या पात्यांचें कापणीयंत्र लाविलें होतें. सपाट कुरणांत काम सुरेख चाललें. बांधाजवळ येतांच त्यांनीं क्लच दाबला. तरी ट्रॅक्टर थांबेना! चार-पांच हात पुढें सरकून पुढील चाक बांधाच्या अगदीं कडेवर अडलें. पलीकडे दोन पुरुष खोल ओहळ. ओट्यावरून पाहणाऱ्या वहिनींच्या तोंडून शब्द फुटेना.

कारण असें. क्लच दाबला म्हणजे इंजिन सुटतें. परंतु वेगांत असलेलीं जड पातीं फिरतच राहतात. जुन्या लहान ट्रॅक्टरांत तोच वेग मागील दांड्यांतून, ज्यास शेतकरी पीटीओ म्हणतात, उलट गिअरपेटींत शिरतो आणि चाकांस पुढें ढकलतो. उपाय सोपा आहे. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणें एकाच बाजूनें जोर पोंचविणारा जोड त्या दांड्यावर बसविला कीं पातीं खुशाल फिरोत, ट्रॅक्टर थांबतो.

दुसरें भय उताराचें. आडवें चालतांना ट्रॅक्टर कलंडला तर चालकास वांचविणारी चौकट जुन्या यंत्रांवर नसते. स्वीडननें १९५९ सालींच नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली. त्यानंतर तेथें उलटून होणारे मृत्यु फार घटले.

असो. स्नेह्यांनीं जोड बसविला आहे, आणि चौकटीचें काम लोहाराकडे दिलें आहे. सपाटीचें गवत ट्रॅक्टरनें आणि उताराचें विळ्यानें, असा नेम आतां त्या घरीं ठरला आहे. पातीं फिरत असतां मुलांनीं ओट्याखालीं उतरावयाचें नाहीं, हा दुसरा नेम वहिनींचा. ज्या वाचकांच्या घरीं वडिलांच्या वेळचें यंत्र असेल, त्यांनीं त्यास रंग देण्यापूर्वीं हा जोड आहे कीं नाहीं तें पाहावें, एवढीच विनंती.