सांभाळायला घेतलेले जनावर दगावले तर?

वारीला निघताना, लेकीच्या बाळंतपणाला जाताना किंवा ऊसतोडीला बाहेर पडताना आपण घराची किल्ली शेजारी देतो आणि किल्लीबरोबर जनावराचे दावेही देतो. ‘चार दिवस एवढे बघा’ म्हटले की शेजारी नाही म्हणत नाही. खेड्यात हा व्यवहार कागदावर होत नाही, शब्दावर होतो. पण त्या चार दिवसांत ते जनावर दगावले तर? मालकाला काय तोंड दाखवायचे? हा प्रसंग माझ्यावर आला, म्हणून भगिनींनो, हे लिहायला बसले आहे.

२०२३ सालची आषाढी. शेजारच्या आक्का आणि दादा आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरीला निघाले. मुलगा पुण्याला नोकरीला. घरात दुसरे कोणी नाही. आक्कांची हरणी नावाची शेळी आणि तिचे दीड महिन्याचे करडू आमच्या गोठ्यात आले. हरणी म्हणजे आक्कांचे शेंडेफळच! भाकरीचा पहिला तुकडा तिचा, आणि थंडीत चुलीजवळची जागाही तिचीच.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. जूनचा तिसरा आठवडा संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. आमच्या विहिरीकडेला कडवळ होते. त्याची कापणी होऊन नवे फुटवे वीतभर वर आले होते आणि पाण्यावाचून माना टाकत होते. हरणीचे दावे झिजले आहे हे मला आदल्या दिवशीच दिसले होते. ‘उद्या बदलू’ म्हणून मी तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दावे तुटले आणि हरणी कडवळात शिरली.

मी धावत गेले तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता. धापा टाकत होती, अंग थरथरत होते. बघता बघता आडवी झाली. डॉक्टरांना फोन केला, ते लगोलग निघालेही. पण ते येईपर्यंत सारे आटोपले होते. करडू मात्र तिच्या सडाला ढुशा देत उभे होते.

कोवळी ज्वारी का मारते?

डॉक्टरांनी शवविच्छेदन केले आणि ज्वारीची विषबाधा असल्याचे सांगितले. आपल्याकडे याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. ज्वारीच्या कोवळ्या पानांत एक द्रव्य असते. जनावराने पाने चघळली की पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष तयार होते. रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही आणि जनावर आतल्या आत गुदमरते. पावसाने ओढ दिली, पीक सुकले किंवा कापणीनंतर नवे फुटवे आले की हे विष जास्त असते. म्हणून ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत जनावराला तिच्यात सोडू नये.

लक्षणे दिसली की वेळ फार थोडा असतो. जनावराला पळवू नये. आडव्या पडलेल्या जनावराच्या घशात तेल, ताक काही ओतू नये. ते फुप्फुसात जाते. यावर डॉक्टरांकडे शिरेतून द्यायची औषधे असतात. ती वेळेत मिळाली तर जनावर वाचते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

घरातली ती संध्याकाळ

दिवे लागले तरी घरात कोणी बोलेना. मग एकेक सल्ला निघू लागला. धाकटे भावजी म्हणाले, “साप चावला म्हणून सांगू. सापाला कोण विचारायला जातंय?” आमचे मालक म्हणाले, “बाजारातून तशीच बांड्या रंगाची शेळी आणू. वारीहून येईपर्यंत तीन आठवडे जातील, कोणाच्या ध्यानात येणार?”

खोटे कशाला बोलू, मलाही क्षणभर ते पटले होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “जी बाई अंधारात शेळीचा आवाज ओळखते, तिला तू रंगावर फसवणार? आणि साप सांगितलास तर जन्मभर सापच सांगत बसावं लागंल.”

खरे सांगायचे ठरले. पण कधी? दिंडी फलटणच्या पुढे गेली होती. पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या बाईला वाटेत हे सांगावे का? लपवावे, तर गावातलाच कोणी वारकरी फोनवर ऐकून तिला सांगेल, आणि मग आमचा शब्द कायमचा जाईल. शेवटी मी दादांना फोन केला. “दादा, हरणी गेली. दावं झिजलेलं मला दिसलं होतं, मी बदललं नाही. चूक माझी,” एवढे एका दमात बोलून टाकले. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जेवण झाल्यावर मी सांगतो तिला.”

रात्री आक्कांचा फोन आला. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एकच विचारले, “करडाला दूध कोण पाजतंय?”

त्या दिवशी काय करावे

दुसऱ्याचे जनावर आपल्या दारात गेले की मन सैरभैर होते. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मालकाला त्याच दिवशी कळवावे, आणि आपण स्वतः कळवावे. घरात म्हातारे किंवा आजारी माणूस असेल तर आधी जवळच्या नातेवाइकाला सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्याजवळ कोणीतरी असेल. काय घडले ते क्रमाने सांगावे. ‘पण’, ‘जर’ लावून आपली बाजू मांडत बसू नये.

डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुरू नये. शवविच्छेदनाचा दाखला घ्यावा. जनावराचा विमा असेल तर कानातला बिल्ला जपावा आणि विमा कंपनीला लगेच कळवायला मालकाला सांगावे. बिल्ला नसला की दावा अडतो.

नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर रक्त येत असेल तर मात्र जनावर फाडू नये, हातही लावू नये. ती काळपुळी असू शकते आणि तो रोग माणसालाही होतो. आधी डॉक्टरांना बोलवावे.

मेलेले जनावर ओढ्यात टाकू नये, त्याचे मांसही कोणाला देऊ नये. विहिरीपासून दूर, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा घेऊन वर चुना टाकून पुरावे. मालकाला जागा दाखवता आली पाहिजे. गळ्यातली घंटी, घुंगरू काढून ठेवावे. हरणीची घंटी मी धुऊन देव्हाऱ्याजवळ ठेवली होती.

मुलांपासूनही लपवू नये. माझा मुलगा दोन दिवस जेवला नाही. हरणीला पाणी पाजायचे काम त्याचे होते. त्याला वाटले, आपल्यामुळेच झाले. दाव्याची गोष्ट त्याला सांगितली, तेव्हा कुठे तो घास घेऊ लागला.

कायदा काय म्हणतो?

शेजारधर्मात कायदा कशाला, असे वाटेल. पण आपल्या मनाला जे वाटते तेच कायद्यातही आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम १५१ सांगते की, सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी. तितकी घेतली असेल तर, वेगळे काही ठरलेले नसताना, नुकसानीची जबाबदारी येत नाही, असे कलम १५२ म्हणते. म्हणजे वीज पडून जनावर गेले तर दोष नाही. झिजलेले दावे दिसूनही बदलले नाही तर आहे. मोबदला न घेता सांभाळणाऱ्याचा आवश्यक खर्च मालकाने द्यावा, असे कलम १५८ सांगते. कलम १६३ मध्ये तर गाईचाच दाखला आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली तर गाईबरोबर वासरूही मालकाला परत द्यायचे.

आमचे करडू तर आधीपासूनच आक्कांचे होते. बाटलीने दूध पाजून आम्ही ते जगवले.

दावे हातात देताना

जनावर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने पाच मिनिटे बसून बोलावे. खाणेपिणे काय, खोडी काय, लसी कोणत्या झाल्या, विमा आहे का, डॉक्टर कोणते, आजारात किती खर्च करायचा आणि अडचणीत फोन कोणाला करायचा, हे वहीत लिहून घ्यावे. दावे, खुंटी आणि गोठ्याचे दार दोघांनी मिळून पाहावे. यात अविश्वास नाही. उलट दोघांच्याही जिवाला स्वस्थता असते.

वारीहून आल्यावर आक्का आधी हरणीला पुरले तिथे गेल्या. मी शेळीचे पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. मीही आग्रह सोडला नाही, तेव्हा दादांनी अर्धे ठेवून घेतले. त्यानंतर दिवाळीपर्यंत आक्का आमच्याकडे चहाला आल्या नाहीत. मीही ‘रागावलात का’ म्हणून विचारले नाही. रोज सकाळी कुंपणापाशी करडाची चौकशी करीत राहिले. दुःखाला त्याचा वेळ द्यावा लागतो.

२०२४ च्या आषाढीला पालखी निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या दारात घंटी वाजली. आक्का उभ्या होत्या. बरोबर हरणीचे ते करडू, आता चांगली पाठ झालेले. गळ्यात आईचीच घंटी. त्यांनी दावे माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “दावं नवं आहे. तरी रोज बघत जा.”

मी रोज बघत होते.