साती आसरा (धाराशिव जिल्हा)

साती आसरा ह्या महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पूजल्या जाणाऱ्या सात जलदेवता होत. विहीर, बारव, ओढ्याचा डोह, नदीचा घाट आणि तलावाचा बांध ही त्यांची स्थाने मानली जातात. धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात शेती पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या पाण्यावर होत आली. तेथे आसरांची पूजा हा देवळातल्या उपासनेचा भाग नसून शेतकामाचाच एक भाग आहे. ह्या देवतांना पुजारी नाही, बहुधा मूर्ती नाही आणि ठरलेली पोथीही नाही.

नाव

‘आसरा’ हा शब्द संस्कृत ‘अप्सरा’ ह्या शब्दापासून आला असे मानले जाते. त्यातील ‘अप्’ म्हणजे पाणी. आश्रय ह्या अर्थाचा मराठी ‘आसरा’ हा निराळा शब्द आहे, मात्र बोलताना दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. काही भागांत त्यांना ‘मावलाया’ असेही म्हणतात. एका परंपरेत सातजणींची नावे मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी सांगतात. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर हे जलचर त्यांतील बहुतेक नावांत सहज ओळखू येतात. प्रत्यक्ष शेतावर मात्र ही नावे क्वचितच घेतली जातात. तेथे त्या नुसत्या ‘आसरा’ असतात, आणि पुष्कळदा त्यांचे नावही मोठ्याने घेतले जात नाही. सप्तमातृकांशी त्यांचा संबंध जोडला जातो, पण सप्तमातृकांप्रमाणे प्रत्येकीचे वेगळे वाहन वा आयुध येथे आढळत नाही.

स्थान आणि स्वरूप

विहिरीच्या काठावर किंवा आतील कोनाड्यात मांडलेले शेंदूर लावलेले सात लहान दगड हे आसरांचे नेहमीचे रूप. जवळच त्यांचा राखणदार म्हणून म्हसोबाचा एक दगड असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील अशा उघड्यावरच्या दैवतांची नोंद ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) ह्या ग्रंथात केली आहे. नद्या आणि स्त्रीदैवते यांच्या नात्याचा अभ्यास अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या ‘वॉटर अँड वुमनहुड’ (१९९५) ह्या ग्रंथात आहे.

आसरा एकाच वेळी पाणी देणाऱ्या आणि माणूस ओढून नेणाऱ्या मानल्या जातात. भर दुपारी, तिन्हीसांजेला व अमावास्येला एकट्याने विहिरीवर जाऊ नये, काठावर केस मोकळे सोडू नयेत, पायातले काढून ठेवावे, विटाळात पाण्याला शिवू नये, असे संकेत रूढ होते. जुन्या विहिरी खोल, उभ्या कड्यांच्या व बहुधा कठडा नसलेल्या असत. लहान मुलांना त्यांपासून दूर ठेवण्याचे काम ह्या भीतीने चांगले केले. त्याच भीतीची दुसरी बाजू मात्र कठोर होती. विहिरीत बुडून मेलेल्या सुनेबद्दल ‘आसरांनी नेली’ असे म्हटले की पुढचे प्रश्न विचारले जात नसत. विटाळाचे नियमही बाईला पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी वापरले गेले. गावातील काही विहिरी दलितांना बंद होत्या, आणि तेथे देवतेचे पावित्र्य हे सोयीचे कारण ठरे.

विहीर आणि विधी

विहीर खोदण्यापूर्वी पाणाड्या जागा दाखवतो. तळहातावर उभा धरलेला नारळ किंवा झाडाची दुबेळकी फांदी ही त्याची साधने. नेमलेल्या जागी नारळ फोडून कुदळीची पूजा होते व मग खोदकाम सुरू होते. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, त्यामुळे एका शेतात पाणी लागते आणि शेजारच्या शेतात कोरडा खडक निघतो. ह्या अनिश्चिततेत पाणी लागणे हे देवतेच्या मर्जीचे काम वाटले, तर त्यात नवल नाही. पाणी लागल्यावर खण, नारळ, हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकू यांनी आसरांची ओटी भरतात. दहीभात किंवा पुरणपोळीचा निवद दाखवतात.

मोटेच्या काळात हे नाते रोजचे होते. बैल धावेवरून खाली उतरले की भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे जाई. एका विहिरीत भाऊबंदांचे हिस्से असत आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. दगड सर्वांचे आणि निवदही सर्वांचा, त्यामुळे वर्षातून एकदा तरी हिस्सेदारांना एकत्र यावे लागे. पाळीवरून होणारी भांडणे त्याने मिटली असे नाही.

बाळंतिणीने सव्वा महिन्यानंतर विहिरीला हळदकुंकू वाहून पाणी भरण्यास सुरुवात करणे ही प्रथाही याच श्रद्धेशी जोडलेली आहे.

बळीची कथा

तलावाला पाणी लागत नाही, घरातली सून दिल्यावर तो भरतो, हे कथासूत्र मराठी आणि कन्नड लोकसाहित्यात आढळते. कन्नडमधील ‘केरेगे हार’ हे कथागीत त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप असून त्यात धाकटी सून भागीरथी हिचा बळी जातो. उमरगा आणि तुळजापूर ह्या तालुक्यांचा कन्नड मुलखाशी जुना संबंध असल्याने हे सूत्र येथे परके नाही. अशा कथा म्हणजे प्रत्यक्ष घटनांची नोंद नव्हे. पाण्यासाठी कोणाच्या जिवाची किंमत मोजली जाईल, याबद्दल त्या काळच्या घराची समजूत मात्र त्यांत स्पष्ट दिसते.

वेळ अमावास्या

मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव व लातूर जिल्ह्यांत वेळ अमावास्या (बोलीत ‘येळवस’) साजरी होते. कर्नाटकात हीच तिथी ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणून ओळखली जाते. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. ज्वारी, हरभरा, करडई ही रब्बीची पिके उभी असताना हा सण येतो. शेतात कडब्याची कोप उभारून तीत पाच पांडव म्हणून दगड मांडतात. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील आणि खीर असा निवद असतो. येथील भज्जी म्हणजे तळलेला पदार्थ नव्हे, तर अनेक भाज्या व शेंगांचे दाणे एकत्र शिजवलेली पातळ भाजी. पूजेनंतर पिकाभोवती फिरून आंबील शिंपडतात आणि विहिरीवरच्या आसरांनाही निवद ठेवतात. सायंकाळी पेटता चूड घेऊन शेताला फेरी घालतात. जिल्ह्यात ह्या दिवशी स्थानिक सुट्टी दिली जाते.

आजार, देवऋषी आणि कायदा

पाण्यावरून आल्यावर ताप, घेरी किंवा बडबड सुरू झाली तर ‘आसरा लागल्या’ असे निदान होई आणि देवऋषी उतारा सांगे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, तसेच साप चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हे गुन्हे आहेत. साधी पूजा वा निवद त्याच्या कक्षेत येत नाही. सापाचा उल्लेख येथे महत्त्वाचा आहे. कृषिपंपांची वीज अनेकदा रात्री मिळते आणि अंधारात दारे धरणाऱ्याला खरा धोका सापाचाच असतो.

सद्यस्थिती

डिझेल इंजिन आणि विजेच्या पंपाने मोट संपली. नंतर कूपनलिका आल्या. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे, तरी पाणी खाली जाईल तसे बोअर खोल गेले आणि उथळ विहिरी आटल्या. कूपनलिकेला काठ नाही, कोनाडा नाही आणि भाऊबंदांचा हिस्साही नाही. ती एका मालकाची असते. बोअर घेतानाही नारळ फुटतो आणि पाणाड्या बोलावला जातो, पण सात दगड मांडण्याची पद्धत त्याबरोबर आलेली नाही. कोरड्या पडलेल्या किंवा बुजवलेल्या विहिरींवरचे दगड पुष्कळ ठिकाणी बांधावर हलवलेले दिसतात, आणि वेळ अमावास्येचा निवद तेथेच ठेवला जातो.