थाळीतले वर्तुळ म्हणजे औषध नव्हे

विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून हळद, आले, कडुनिंबाची पाने, हिरडा, आवळा घेण्याची मुभा आहे. वनस्पतींचे आपल्याला वावडे नाहीच. पण ‘अँटिबायोटिक सोडा, काढा घ्या’ असे मेसेज फिरतात, तेव्हा प्रयोगशाळेत नेमके काय दिसते हे तरुणांनी समजून घ्यावे.

कामोठ्यात एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत होऊ शकणारी ही चाचणी साधी आहे. अगारच्या थाळीवर जंतू पसरतात, अगारमध्ये छिद्र पाडून अर्क भरतात आणि थाळी ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. अर्काने जंतूंची वाढ रोखली तर छिद्राभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर शेजारी नुसत्या अल्कोहोलचेही छिद्र हवेच. जंतू तर तेही मारते!

थाळीत अर्क थेट जंतूंवर पडतो. पोटात गेलेल्या हळदीतले कर्क्युमिन मात्र रक्तात फारच थोडे पोहोचते. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडून काढ्यावर राहिले, तर आजार बळावतो आणि गोळ्यांना दाद न देणारे जंतू घरातल्यांपर्यंत पोहोचू शकतात.