पाहुण्यांना काय सांगायचं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्हापूरच्या शाहूपुरी पोलीस ठाण्यात ए. एस. ट्रेडर्सविरुद्ध गुन्हा दाखल झाला. शेअर बाजाराच्या नावाखाली घसघशीत परताव्याचं आमिष दाखवून ठेवी गोळा केल्याचा आरोप. त्याआधी जेमतेम तीन वर्षं, २०१९ मध्ये, इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रोच्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेने याच पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचे हात पोळले होते.

अशा प्रकरणांत बरेच जण तक्रारीला पुढे येत नाहीत. लाज वाटते, असं म्हणून मोकळं होता येतं. पण ओळखीतली माणसं जोडत नेणाऱ्या अशा साखळी योजनेत गाठ त्याहून अवघड बसते. लाख रुपये भरले, महिन्याला पाच हजार आले. पाच हप्त्यांत हातात पडलेले पंचवीस हजार कदाचित आपल्याच लाखातले असतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तोवर मेहुणा, साडू, तालमीतला दोस्त, सगळे आत आलेले असतात. आता ‘मी फसलो’ म्हणायचं, तर ‘मी तुम्हाला फसवलं’ हेही कबूल करावं लागतं.

लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा १९५९चा प्रयोग इथे आठवतो. त्यांनी विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं आणि नंतर ‘मजा आली’ असं पुढच्याला सांगायला लावलं. त्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. एक डॉलरवाल्यांनाच ते काम पुढे जास्त आवडल्याचं दिसलं. वीसवाल्यांकडे थापेचं कारण होतं, पैसे. एक डॉलरसाठी कोण खोटं बोलतं? मग मनच मत बदलून घेतं. साडूला मनापासून ‘स्कीम चांगली आहे’ म्हणणाऱ्याचंही असंच होतं. कमिशनपुरतं बोलणारा त्यामानाने लवकर जागा होतो.

फसलेल्याला स्वतःची समजूत घालून घ्यायचीच असते, हे ठकांना प्राध्यापकांच्या आधीपासून ठाऊक आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५२ मध्ये लिहिलं, की लुबाडून झाल्यावर टोळीतला एक जण मागे थांबतो आणि गिऱ्हाइकाची समजूत काढतो. आपल्याकडे हे काम ‘पुढच्या महिन्यात सुरळीत होईल’ असा एक निरोप करतो. तो ऐकणाऱ्यालाही हवाच असतो.

अर्थात सगळी भीती मनाचीच नसते. ए. एस. ट्रेडर्स प्रकरणात संचालकांबरोबर एजंटही आरोपी झाले. ठाण्याची पायरी चढताना आपण तक्रारदार म्हणून आत जाणार की आरोपी म्हणून, हा हिशेब साखळीत माणसं जोडलेल्या प्रत्येकाला करावा लागतो.